राजाच्या कोटावरची हळद

माझ्या हाताखालून गेलेला एकही कपडा नवा राहिला नाही, आणि ह्याच कामाचा मला सव्वीस वर्षं पगार मिळाला. व्हँकुव्हरच्या सिनेमाधंद्यात ह्या कामाला लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण इथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं तर मी सरळ सांगते, की मी कपडे म्हातारे करायचे. शिंप्याने परवा शिवलेला सदरा पडद्यावर दहा वर्षं वापरलेला दिसायला हवा असेल, तर ती दहा वर्षं कोणीतरी त्याला दोन दिवसांत दाखवावी लागतात. ते काम माझं.

हत्यारं म्हणाल तर निम्मी स्वयंपाकघरातली. कोपर झिजवायला चीजची किसणी, गुडघ्यांना पॉलिशपेपर, शिवणी उसवायला तारेचा ब्रश. खिसे लोंबायला हवेत म्हणून त्यात दगड भरून कोट ओला टांगायचा. कॉलरचा मळ मेणात माती कालवून करायचा, घामाचे डाग चहाचे, आणि पाऊस-चिखल अंगभर उडवायला रंगाची स्प्रे गन. ती कॉम्प्रेसरच्या हवेवर चालते. ह्या गनने पुढे मोठा घोटाळा केला, म्हणून तिची आत्ताच ओळख करून देते.

आईला मी फोनवर हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नवे कपडे फाडायला तिकडे माणसं ठेवावी लागतात? आमचे तर आपोआप फाटतात."

खरं तर मी आले होते डाग काढायला. मुंबईचा कापड-रसायनाचा डिप्लोमा घेऊन इथे उतरले, त्याच्या जोरावर एका ड्रायक्लीनरकडे नोकरी मिळाली. शाई, वाइन, लिपस्टिक, कशाचाही डाग मी काढायची. एक दिवस सिनेमावाली एक बाई सॉसचा डाग पडलेला शर्ट घेऊन आली. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत काढून देते. ती म्हणाली, काढू नका, अगदी अस्साच डाग आणखी दोन शर्टांवर पाडून द्या. नट एक, पण एकेका कपड्याच्या तीन-चार एकसारख्या प्रती लागतात, हे मला तेव्हा कळलं. मी पाडून दिला. डाग कसा जातो हे ज्याला कळतं त्याला तो कसा बसतो हेही कळतं. महिन्याभरात मी ड्रायक्लीनिंग सोडलं.

घरच्यांना ह्या कामाचं महत्त्व पटायला वेळ लागला. एकदा मी एका सैनिकाचा ओव्हरकोट शेवटचा हात फिरवायला घरी आणला होता. तीन आठवड्यांचं काम, गोळीबार, चिखल, तुरुंगवास सगळं त्यात आलं होतं. मी भाजी आणायला गेले आणि आमच्या ह्यांनी तो धुतला. नुसता धुतला नाही, तर इस्त्री करून हँगरला लावला आणि बायकोला सरप्राइज म्हणून दारातच टांगून ठेवला. ह्यांचं म्हणणं, इतका घाण कपडा घरात ठेवणं मला बरं दिसेना. त्यानंतर मी काम घरी आणलं नाही.

पण सांगायचं आहे ते माझ्या शेवटच्या सिनेमाबद्दल. त्यात आम्ही फ्रान्सची राजेशाही उलथवली, आणि मी एकटीने ती जवळजवळ वाचवली असती, तीही चुकून.

आमच्या विभागाच्या सर्वेसर्वा म्हणजे कॉस्च्यूम डिझायनर. नाव सांगत नाही, आम्ही मागे त्यांना राणीसाहेब म्हणायचो. उंच, बारीक, नेहमी काळ्या कपड्यांत, आणि त्यांच्या परवानगीवाचून टाचणीसुद्धा जागची हलायची नाही. मुख्य कपड्यांच्या खोलीत कॉफीचा कप घेऊन गेलेल्या एका बाईला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. ती पुन्हा आमच्या कोणत्याच सिनेमावर दिसली नाही.

आणि दुसरी ग्लोरिया. फिलिपिन्सची, माझ्याच वयाची, कापणारी आणि शिवणारी. अठरा वर्षं आम्ही शेजारच्या खोल्यांत काम केलं. ती शिवायची, मी फाडायची. दुसरी कोणी असती तर माझं तोंड पाहिलं नसतं, पण ग्लोरिया स्वतःच्या हातचा सदरा मला देताना त्याला थोपटायची आणि म्हणायची, जा, मँडीमावशी आता तुला दुनिया दाखवेल. माझं नाव मंदा, पण कॅनडाने पहिल्याच आठवड्यात त्याची मँडी केली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे वाटून खायचो. माझी कोशिंबीर तिला फार आवडायची.

आता राज्यक्रांती. शाळेत आपण ती सनावळ्यांसकट पाठ केली आणि विसरलो. मला ती पुन्हा समजली ती कपड्यांवरून. आधी गर्दीतल्या बायका येतात, त्या भुकेल्या पण नीटनेटक्या. मग पाव मिळत नाही म्हणून त्याच बायका शहरातून राजवाड्यावर चालत जातात, पावसात, चिखलातून, कित्येक तास. म्हणजे घागऱ्यांचे काठ गुडघ्यापर्यंत माखलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा बाल्कनीत येतो आणि खालच्या बायका त्याला सांगतात, इथे नाही राहायचं, आमच्याबरोबर शहरात चला. तो जातो. मग गर्दीच्या डोक्यावर लाल टोप्या येतात, काही काळाने त्यातली एक राजाच्याही डोक्यावर बसते, आणि शेवटी त्या डोक्याचंच काम तमाम होतं. टोप्या मी रंगवल्या. टोपी नवीकोरी लाल असली की क्रांती शाळेच्या गॅदरिंगमधली वाटते, म्हणून प्रत्येकीला वेगळं ऊन दाखवावं लागलं.

पहिली ठिणगी पडली ती बायकांच्या घागऱ्यांवरून. राणीसाहेबांना चिंध्या हव्या होत्या. गरीब म्हणजे फाटके, असा त्यांचा हिशेब. मी किसणी हातात घेतली आणि मला ते होईना. कारण माझ्या डोळ्यांसमोर माझी आई उभी होती.

मी शाळेत होते तेव्हा मुंबईत महागाईविरुद्ध बायकांचे लाटणं मोर्चे निघायचे. रॉकेल नाही, तेल नाही, साखर नाही. माझी आई उभ्या जन्मात कुणाशी मोठ्याने बोलली नव्हती, पण एकदा तीही निघाली. निघताना तिने आपल्या दोन साड्यांपैकी चांगली साडी काढली. पदराला रफू होता, तो आतल्या बाजूला घेतला. मग लाटणं पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. मी विचारलं, "आज काय दसरा आहे?" ती म्हणाली, "कामाला चाललंय ते." मोर्च्याला जाणाऱ्या आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका चांगल्या साड्यांत होत्या. भाकरी मागायला निघालेली बाई भिकारणीसारखी जात नाही. ती हक्काचं मागायला जाते, म्हणून ठीकठाक होऊन जाते.

हे मी राणीसाहेबांना सांगितलं, लाटण्याचा भाग वगळून. त्या म्हणाल्या की मुंबई वेगळी आणि पॅरिस वेगळं. ते मलाही माहीत होतं. मी परत येऊन ग्लोरियाजवळ चरफडले. तिने सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, आमची आईसुद्धा चर्चला ठिगळ लावून जायची, भोक घेऊन नाही. पुढचे दोन आठवडे, राणीसाहेबांना न सांगता, आपलं जेवण मांडीवर ठेवून तिने माझ्याबरोबर साठ घागऱ्यांना ठिगळं लावली. मी गोधडीचा टाका घातला, तिने तिच्या गावचा. बाकीचे घागरे राणीसाहेबांच्या हुकुमाप्रमाणे चिंध्या केले. निम्मी क्रांती त्यांची, निम्मी आमची.

हे सगळं चालू असताना ग्लोरिया राजाचा कोट करत होती. हस्तिदंती रंगाचं रेशीम, छातीवर आणि काठांना बारीक सोनेरी वेलबुट्टी. तसे कोट तीन होते. एक घामेजलेला, एक फाटका रक्ताळलेला, आणि एक स्वच्छ. पहिल्या दोघांना साधी छापील वेलबुट्टी होती, कारण त्यांना माझ्या तावडीत जायचं होतं. स्वच्छ कोटाचं भरतकाम मात्र ग्लोरियाने सात आठवडे हाताने केलं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या खुणांवरून कापलं होतं, पण हा कोट कापण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत तिचा एकटीचा होता. रेशमाचा तागा तिथेच संपला. हा कोट घालून राजा बाल्कनीत येणार होता.

इथे आमच्या धंद्यातली एक गंमत सांगायला हवी. सिनेमा गोष्टीच्या क्रमाने काढत नाहीत. जो सेट आधी मोडायचा त्याच्यावरचं आधी उरकतात. त्यामुळे आमच्याकडे सोमवारी राजाचं मुंडकं उडालं आणि शुक्रवारी तो बाल्कनीत येऊन प्रजेला नमस्कार करणार होता. फाटका आणि घामेजलेला कोट तोवर कामी आले होते. उरला तो एकच, स्वच्छ.

मंगळवारी खंडेनवमी होती. दरवर्षी मी माझ्या रंगखोलीत जेवणाच्या सुट्टीत हत्यारांची पूजा करायचे. कुणाला सांगायचे नाही, पण ग्लोरियाला ठाऊक होतं. टेबलावर टॉवेल पसरून किसणी, ब्रश, कात्र्या मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, एखादं फूल ठेवायचं, साखर ठेवायची. त्या वर्षी मी निवृत्त होणार होते, म्हणून जरा जास्तच उत्साह होता. स्प्रे गन कधी पूजेत घेत नव्हते, तिलाही घेतली. तिच्या नळीच्या तोंडाला चांगलं बोटभर हळदकुंकू लावलं. ग्लोरियाची मोठी कात्री मागून आणली. आणि मनात आलं, हिचा कोटही इथे असावा, ह्याच्याइतकं पूजण्यासारखं आमच्या खोलीत दुसरं काय आहे? ग्लोरियाने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणून दिला, गनला लावलेली हळद बघून हसली, आणि मी तो भिंतीला टांगून लांबून नमस्कार केला. रात्रभर तो तिथेच राहिला, म्हणजे मुक्कामाला.

बुधवारी दसरा. सकाळी लवकर आले, ग्लोरियाकडे परत द्यायचा म्हणून कोटावरची पिशवी काढली, आणि सवयीप्रमाणे दिवसाची पहिली गोष्ट केली. कॉम्प्रेसर चालू करून गन एकदा दाबून पाहिली.

फुस्स असा आवाज झाला. नळीच्या तोंडावरचं सगळं हळदकुंकू ढगासारखं उडालं आणि फ्रान्सच्या राजाच्या छातीवर जाऊन बसलं.

आता कोरडी पूड कोरडीच मऊ ब्रशने झाडायची, हे मी ह्या धंद्यात किती जणींना शिकवलं असेल. आणि मी काय केलं, तर घाबरून साबणाचा ओला स्पंज फिरवला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे लग्नघरातल्या पोरीसोरींनाही माहीत असतं. मी डिप्लोमावाली. राजाच्या छातीवर वाटीएवढा तांबडा डाग उमटला. सोमवारी त्याचं मुंडकं उडवलं होतं तेव्हासुद्धा रक्त इतकं खरं दिसलं नव्हतं.

मग डोकं जाग्यावर आलं. साबणाने लाल झालेली हळद आंबटाने पुन्हा पिवळी होते. कुंकू बाजारातलं रासायनिक असतं तर माझा खेळ तिथेच संपला असता, पण ते सांगलीहून बहिणीने पाठवलेलं, हळदीचंच केलेलं होतं. व्हिनेगर पाण्यात घालून कापसाने टिपत राहिले. लाल गेलं, पिवळं राहिलं. आणि पिवळी हळद कशाने जाते तेही मला पक्कं माहीत होतं. उन्हाने. आई हळदीचा डाग पडलेली साडी गच्चीवर टाकायची, दोन दिवसांत डाग उडून जायचा.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. ज्यांनी व्हँकुव्हरचा ऑक्टोबर पाहिला आहे त्यांना काय दिसलं ते सांगायला नको. आठ दिवस सूर्य नावाची वस्तू कोणी पाहिली नव्हती.

ग्लोरियाला सांगायला हवं होतं. मी निघालेही. ती तिच्या खोलीत व्हिडिओ कॉलवर आपल्या आईशी बोलत होती. भाषा मला येत नव्हती, पण ती फोनवर कोटाचा फोटो दाखवत होती आणि म्हातारी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होती. मी दारातून परत फिरले. पाठीमागून ग्लोरियाने विचारलं, कोट कुठे आहे? मी म्हटलं, वाफ देतेय. अठरा वर्षांत तिच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं.

पार्किंगमध्ये जाऊन पावसाकडे बघत उभी राहिले. तिथे बलबीर ट्रकच्या मागे थर्मासमधला चहा पीत होता. व्हँकुव्हरशेजारच्या सरे गावचा सरदार, आमच्या सेटवर दिवे लावणाऱ्यांपैकी. त्याने माझा चेहरा बघून एक कप माझ्याही हातात दिला, आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं, किसणीपासून स्पंजपर्यंत. शेवटी म्हटलं, "दो दिन की धूप चाहिए, भाईसाहब. और कुछ नहीं."

बलबीरने चहाचा घोट घेतला आणि अगदी धंद्याचा प्रश्न विचारला.

"धूप कितने बजे की चाहिए?"

राजवाड्याच्या खिडक्यांतून सूर्य पाडायला त्यांच्याकडे मोठमोठे दिवे होते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, मागाल ते. मी म्हटलं, दुपारी बाराची, मे महिन्यातली, आणि शक्यतो सांगलीची.

स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, काळ्या पडद्याआड, त्याने एक जास्तीचा दिवा लावला. कोणी विचारलं तर दिवा तपासतोय म्हणून सांगायचं ठरलं. मी कोट शिंप्याच्या पुतळ्यावर चढवला. रेशमाला जास्त ऊन सोसत नाही, म्हणून सगळ्या कोटावर जाड मलमल टाचली आणि डागापुरतं भोक ठेवलं. दर अर्ध्या तासाने व्हिनेगरच्या पाण्याचा हात फिरवायचा, मग पुन्हा ऊन. बुधवारी दुपारभर राजा असा छाती उघडी टाकून शेकत बसला. संध्याकाळी पिवळं जरा फिकं झालं होतं. जरासंच.

गुरुवारी पुन्हा तेच. सकाळी दुसऱ्यांदा ग्लोरियाला सांगायला गेले, तर ती कात्रीला धार लावत होती. नाही म्हटलं तरी ती वेळ योग्य वाटली नाही. आता हसू येतं, पण त्या दिवशी मी घाबरट होते, दुसरा शब्द नाही. राणीसाहेबांनी मला काढलं असतं तर मी घरी जाऊन झोपले असते, तशीही महिन्यावर निवृत्ती आली होती. पण ग्लोरियाचा हा कोट पुन्हा होणार नव्हता. माझ्यासाठी साठ घागऱ्यांना ठिगळं लावणाऱ्या बाईच्या कामावर मी पूजेच्या नावाने पाणी फिरवलं होतं, आणि तिच्याकडे बघून ते उच्चारायची माझी छाती नव्हती.

दुपारी पडदा सरकला आणि राणीसाहेब आत आल्या. मागे ग्लोरिया. मी कशीबशी मलमल भोकावर ओढली. त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? माझ्या तोंडून कुठून निघालं कोण जाणे, पण मी म्हटलं की उद्या बाल्कनीवर ह्याच दिव्याचा उजेड पडणार आहे, त्यात हा हस्तिदंती रंग कसा दिसतो ते बघतेय. बलबीरने गंभीरपणे मान डोलावली. राणीसाहेब क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ह्या इमारतीत कोणीतरी एकजण तरी विचार करतो म्हणायचं. आणि गेल्या.

ग्लोरिया मागे राहिली. तिने नाक वर केलं.

"मँडी, इथे व्हिनेगरचा वास का येतोय?"

"माझी कोशिंबीर," मी म्हटलं. "डबा सांडला."

तिने पुतळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पडदा नीट ओढून घेऊन निघून गेली. हे माझं दुसरं खोटं.

शुक्रवारी सकाळी मलमल काढली. डाग गेला होता. म्हणजे मला माहीत होतं म्हणून मला छातीवर अगदी पुसट, सायीसारखी पिवळट झाक दिसत होती. दुसऱ्या कोणाला दिसेल का, ते मला सांगता येईना. ग्लोरिया कोट न्यायला आली. खिडकीशी धरून तिने तो उलटसुलट पाहिला, फार वेळ पाहिला. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "रंगाला जरा ऊब आली आहे." आणि हातावर घेऊन चालू लागली. ही तिसरी वेळ. मी तोंड मिटलं.

बाल्कनीच्या मागे, पडद्यावर न दिसणाऱ्या फळ्यांवर मी आणि ग्लोरिया सुईदोरा घेऊन उभ्या होतो. खाली बायका. त्यात निम्म्याअधिक सरे-बर्नबी ह्या शेजारच्या उपनगरांतल्या, कोणी पंजाबी, कोणी चिनी, कोणी युक्रेनच्या. वरून यंत्राचा पाऊस आणि शिवाय देवाचाही. कॅमेरामन पहिली रांग लावत होता आणि चिंध्या घातलेल्या बायकांना एकेक करून मागे पाठवत होता. त्याने दिग्दर्शकाला सांगितलेलं मी कानांनी ऐकलं, की ठिगळवाल्या पुढे घ्या, त्यांचे चेहरेच वेगळे दिसताहेत, त्या परत जाणार नाहीत असं वाटतं. राणीसाहेब बाजूलाच होत्या. त्या म्हणाल्या, हो, ती माझी कल्पना होती. मी आणि ग्लोरियाने एकमेकींकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर हसलो असतो.

मग राजा बाहेर आला. कोरडा, स्वच्छ, उबदार रंगाचा. खाली सव्वाशे भिजलेल्या बायका, चिखलाने माखलेल्या आणि तरी ठीकठाक. कुणी ओरडलं नाही. दिग्दर्शकाने सांगितलं होतं की नुसतं बघायचं. त्या बघत राहिल्या. मी त्या नटाच्या पाठीशी होते, म्हणून मला त्याची मान दिसली. ती हळूहळू खाली गेली. तो अभिनय होता की खरंच तसं झालं, मला माहीत नाही, पण राज्य कसं जातं ते मला त्या मानेत कळलं. गिलोटिन हे पुढचं कागदोपत्री काम. राज्य जातं ते पाव मागायला आलेल्या बाया नीट पदर खोचून समोर उभ्या राहतात आणि हलत नाहीत तेव्हा. माझी आई मोर्च्याहून परतली तेव्हा घसा बसला होता आणि लाटण्यावरचं कुंकू हाताला लागलं होतं. त्या लाटण्याने तिने लगेच पोळ्या केल्या.

कोटाची सगळीकडे स्तुती झाली. मेणबत्तीच्या उजेडासारखा रंग म्हणाले लोक. ग्लोरियाचं नाव श्रेयनामावलीत एकटीच्या ओळीत आलं. मी निवृत्त झाले, केक कापला, रडले, आणि तेव्हाही सांगितलं नाही. नंतर वर्षभर भाजी चिरताना, दारातला बर्फ उपसताना मला ते टोचत राहिलं. फोनवर कितीतरी वेळा तोंडाशी आलं, आणि मी तिच्या आईची तब्येत विचारून फोन ठेवला.

पुढच्या वर्षी नवरात्रात ग्लोरियाचाच फोन आला. म्हणाली, तुझा तो हत्यारांचा दिवस कधी असतो? त्या दिवशी ये, तुझ्या जागी आलेल्या मुलीला तो कसा करायचा ते माहीत नाही. मी सांगलीच्या कुंकवाची पुडी घेऊन गेले, आणि ह्या वेळी ठरवूनच गेले. आधी सांगायचं, मग पूजा.

रंगखोलीत टेबलावर धुतलेला टॉवेल पसरलेला होता. किसणी, तारेचा ब्रश, पॉलिशपेपर, ग्लोरियाची मोठी कात्री, सगळं ओळीने, माझ्यापेक्षा नीट मांडलेलं. साखरेची वाटी होती, दुकानातली पिवळी फुलं होती. टोकाला स्प्रे गन होती. तिच्या नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा होता आणि त्यावर घट्ट, तीन-तीन वेढे देऊन, चिकटपट्टी.

मी चिकटपट्टीवर बोट टेकवलं. ठरवून आणलेल्या वाक्यांचा आता उपयोग नव्हता.

"तुला कधी कळलं?" एवढंच विचारलं.

"मँडी," ग्लोरिया म्हणाली, "अठरा वर्षं तुझी कोशिंबीर खाल्ली मी. तू लिंबू पिळतेस."

मग तिने पुडी माझ्या हातातून घेऊन उघडली आणि कात्री माझ्यापुढे सरकवली. मी अजून चिकटपट्टीकडेच बघत होते, म्हणून पहिलं बोट तिनेच लावलं.